दाळ तीन शिट्ट्यांत शिजली

"सोडा टाकला काय वं?" आईनं पहिलं हेच विचारलं.

नाही टाकला म्हटलं. तीन शिट्ट्या झाल्या, कुकर थंड झाला, झाकण उघडलं तर दाळ लोण्यासारखी मऊ. आई फोनवर थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणे, दाखव बरं. मी मोबाईल कुकरवर धरला आणि चमच्यानं दाळ खालीवर करून दाखवली. दाळ आमच्याच वावरातली, तुरीची, आईनं घरी जात्यावर भरडलेली, दोन किलो सामानात कोंबून आणलेली. कुकर पण घरचाच, तीन लिटरचा. हळद घरची, तिखट घरचं. बदललं होतं ते फक्त पाणी.

नेदरलँडमध्ये येऊन मला तेव्हा चारच दिवस झाले होते. सगळे फोन करकरून विचारत होते, कसं वाटून राहिलं, थंडी किती, लोक कसे आहेत, आणि मला काही धड सांगताच येत नव्हतं कारण माझ्या डोक्यात ती दाळच होती. आता अडीच महिने झाले. कॉलेजचं पहिलं सत्र संपलं, परीक्षा झाली, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं गेली आणि आता पाच वाजायच्या आतच दिवस मावळतो. म्हटलं आता लिहूनच काढावं, नाहीतर हे सगळं सवयीचं होऊन जाईल आणि पहिल्या दिवसांत कशाकशापाशी पाय थबकले होते ते आठवायचंही नाही.

मी दर्यापूर तालुक्यातली. पूर्णेच्या काठचं गाव. ज्यांना तो भाग माहीत आहे त्यांना एवढ्यावरच कळलं असेल. खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या 3 जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी हा पट्टा पसरलेला आहे. जमीन पाहाल तर नजर लागावी अशी, काळीभोर, खोल, वावरात चिमणीला मारायला खडा सापडायचा नाही. पण खाली बोअर मारा की पाणी खारं. म्हातारे लोक सांगतात की इथं कधीकाळी समुद्र होता, माझी आजी तर असं सांगायची जसा काही तिनं तो लग्नात येताना पाहिला होता.

आमच्याकडे घरात दोन पाणी असतात. एक वापराचं, एक पिण्याचं. वापराचं म्हणजे बोअरचं, त्याला साबणाचा फेस येत नाही, पांढरा शर्ट सहा महिन्यांत पिवळा पडतो, अंघोळ करून अंग वाळलं की कातडीवर पांढरट पापुद्रा दिसतो. पिण्याचं म्हणजे नळ योजनेचं, सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणातून पाइपानं येणारं, कधी आठ दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी, कधी रात्री दोन वाजता. त्या पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, वेगळे, ओट्याच्या आतल्या बाजूला, झाकण घालून ठेवलेले. लहानपणी त्यातलं पाणी घ्यायचं तर विचारून घ्यायचो. दाळीला कोणतं पाणी घालायचं हा आईचा रोजचा हिशोब असायचा, पाहुणे असले तर गोड्या पाण्याची दाळ, नाहीतर बोअरचं पाणी, चिमूटभर सोडा आणि आठ-नऊ शिट्ट्या, आणि एवढं करून दाणा दाताखाली येतोच.

माझे मोठे काका किडनीनं गेले. पन्नाशीही झाली नव्हती. गावात प्रत्येक आळीत असा एखादा पेशंट आहेच. शेवटच्या वर्षी डॉक्टरनं काकांचं पाणी मोजून दिलं होतं, दिवसाला इतकंच म्हणून, आणि काकू सकाळीच तेवढं गोडं पाणी एका तांब्यात भरून त्यांच्या उशाशी ठेवायची. काका ते घोट घोट प्यायचे. प्रत्येक घोट तोंडात धरून ठेवायचे, लगेच गिळायचे नाहीत. ते मी बारावीत असताना रोज पाहिलं आहे.

म्हणून इथं पहिल्या रात्री जे झालं ते मला कोणाला नीट सांगता येत नाही. हॉस्टेलच्या ज्या मजल्यावर मला खोली मिळाली तिथं आम्ही दहा-बाराजण एकच किचन वापरतो. मी रिकामी बाटली घेऊन तिथं गेले आणि समोर होता त्या डच मुलाला विचारलं, प्यायचं पाणी कुठं आहे. त्याला प्रश्न कळला नाही. मी परत विचारलं. त्यानं सिंककडे बोट दाखवलं, जिथं खरकटी भांडी पडली होती. मी म्हटलं हे नाही, प्यायचं. तो म्हणाला हेच, सगळीकडे हेच, बाथरूममध्ये पण हेच. मी ग्लास भरला, उजेडाकडे धरून पाहिला, एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला.

नंतर मला कळलं की संडासाच्या टाकीत पण तेच पाणी येतं. पहिला आठवडाभर मी फ्लशचं बटण दाबताना दरवेळी थांबायचे. टाकी रिकामी होऊन परत भरायचा जो आवाज असतो ना, तो ऐकवायचा नाही. आई पुढच्या खेपेला गुंड घेऊन नळापाशी बसली असेल आणि मी इथं प्यायचं पाणी असं सोडून देऊन राहिले, हे मनातून जायचंच नाही.

आता मी इथं आले कशी ते थोडक्यात सांगते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी केलं, मातीशास्त्राची गोडी तिथंच लागली, मग एका सरांनी वाखेनिंगेनचं नाव सांगितलं. राइन नदीच्या काठी छोटंसं गाव आहे, म्हणजे त्यांच्या भाषेत शहर. 1876 साली तिथं शेतीची शाळा सुरू झाली, 1918 मध्ये तिचं उच्च शिक्षणात रूपांतर झालं आणि आज शेती आणि मातीचं शिकायला शंभरावर देशांची पोरं तिथं येतात. शिष्यवृत्ती मिळाली. कागदपत्रांसाठी जे हेलपाटे घातले ते सांगत बसत नाही, ज्यांनी घातले त्यांना माहीत आहेत.

पोळ्याच्या दोन दिवस आधी निघाले. बाबा बैलांच्या शिंगांना रंग द्यायचं ठेवून बडनेऱ्याला सोडायला आले, अंबा एक्सप्रेसवर. गावातले एक आजोबा निघताना म्हणाले होते, "पापळचे भाऊसाहेब गेलते विलायतेले, त्याईच्यानंतर तूच." भाऊसाहेब म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख, एडिनबरा आणि ऑक्सफर्डला शिकून आले, पुढे देशाचे कृषिमंत्री झाले, अकोल्याच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. मध्ये किती तरी जण गेले असतील, माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, पण त्या आजोबांनी हे मनापासून म्हटलं आणि प्लॅटफॉर्मवर मला तेच आठवत होतं. बाबा काहीच बोलले नाहीत. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाले, "पानी पेत जाजो." आमच्याकडे कोणालाही निरोप देताना हेच म्हणतात, त्यात नवीन काही नाही.

विमान उतरलं ते स्किपॉलला. तिथली एक गोष्ट मला दोन आठवड्यांनी वर्गात कळली आणि मी वहीत तिच्याखाली दोनदा रेघ मारली. ते विमानतळ जिथं आहे ना तो एका मोठ्या सरोवराचा तळ आहे. हार्लेममेर नावाचं सरोवर होतं, वादळात त्याच्या लाटा आजूबाजूची जमीन खात सुटायच्या. वाफेवर चालणारे 3 मोठे पंप लावून ते उपसायला घेतलं आणि 1852 मध्ये ते कोरडं झालं. आजही ती जागा समुद्रसपाटीपासून तीन-चार मीटर खाली आहे. म्हणजे मी या देशात पहिलं पाऊल ठेवलं ते पाण्याच्या तळावर, आणि माझं लक्ष होतं बॅग येते की नाही याच्यावर.

या देशाची पाव भागाहून जास्त जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. हे भूगोलात शाळेतच वाचलं होतं, एका मार्काला असायचं. पण कालव्याच्या कडेनं सायकल चालवताना डाव्या हाताला पाणी आपल्या खांद्याइतक्या उंचीवर आणि उजव्या हाताला खाली गाई चरतात, हे डोळ्यांनी पाहिलं की पोटात कसंतरी होतं. जागोजागी पाण्यात एक उभी पट्टी गाडलेली असते, निळी-पांढरी, आकडे लिहिलेली. पाणी किती वर, किती खाली. माझ्या बाबांनीही शेततळ्यात बांबू गाडला आहे, त्याच्यावर लाल ऑइलपेंटनं फुटाफुटावर खुणा केल्या आहेत. ती पट्टी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी सायकलवरून उतरून तिचा फोटो काढला आणि बाबांना पाठवला. त्यांचा लगेच रिप्लाय आला, अंगठा.

सायकलचं सांगते. मी आठवीत असताना सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकल मिळाली होती, पुढं दोन वर्षं त्याच सायकलनं शाळा केली आणि अकरावी-बारावीला निळी बस. तेव्हा सायकल म्हणजे बाकी काही नाही म्हणून असलेली वस्तू होती. इथं प्रोफेसर सायकलवर, साठ-सत्तरच्या आज्या सायकलवर, मागंपुढं दोन लेकरं बसवलेल्या आया सायकलवर, आणि पावसात कोणी थांबत नाही, अंगावर रेनकोट चढवून चालूच. मी सेकंडहँड घेतली, तिला हँडलवर ब्रेकच नाही, पायडल उलटं मारलं की ती थांबते. गाव आमच्यासारखंच सपाट म्हणून चढ फारसा नाही, पण वारा समोरून आला की डोंगर चढल्यासारखंच होतं. या सपाटीचं मला पहिल्या दिवसापासून परकं वाटलं नाही. आभाळ खाली टेकलेलं दिसतं, दूर कुठंतरी एक झाड, अगदी दर्यापूर-मूर्तिजापूर रोडसारखं, फक्त सगळं हिरवं.

माणसांचं बोलायचं तर, मी घाई करून मत बनवणार नाही. पहिल्या आठवड्यात मजल्यावरच्या त्याच डच मुलानं सगळ्यांसाठी पास्ता केला, प्रेमानं बोलावलं, जेवलो, हसलो, आणि रात्री माझ्या मोबाईलवर मेसेज आला, तुझ्या वाट्याचे 2 युरो 35 सेंट. मला रडूच आलं. आमच्याकडे दुष्काळाच्या वर्षातही दारात आलेल्याला कोणी चहाचे पैसे मागितले नाहीत. पण मग एका रविवारी माझ्या सायकलची चेन तुटली, तेव्हा हाच मुलगा अख्खी दुपार हात काळे करत माझ्यासोबत बसला, आणि पैसे देऊ का विचारलं तर त्याला राग आला. तर त्यांचा हिशोब कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे मला हळूहळू समजून राहिलं. अन्नाचा हिशोब मात्र मला अजून पटलेला नाही आणि पटेल असं वाटत नाही. मी दाळभात करते तेव्हा सगळ्यांना वाढते आणि कोणाला मेसेज पाठवत नाही. आता ते पण नाही पाठवत, निदान मला तरी.

सरांना नावानं हाक मारायची असते इथं. ते माझ्याच्यानं अजून झालेलं नाही, मी वाक्यच असं फिरवते की नाव घ्यायचं कामच पडू नये.

कॅम्पसमध्ये मातीचं म्युझियम आहे. जगभरच्या जमिनींचे उभे काप काढून आणून भिंतीला लावलेत, जवळजवळ माणसाच्या उंचीचे, जसेच्या तसे, वरच्या गवताच्या मुळांसकट. कुठली माती लाल, कुठली राखेसारखी, एकीत वर काळा आणि खाली पांढराशुभ्र पट्टा. आमचा वर्ग तिथं नेला होता. मी एकेक पाहत पाहत चालले होते आणि एकदम समोर काळी माती. वर्टिसोल लिहिलेलं. पुस्तकात हे नाव शंभरदा लिहिलं असेल, पण तेव्हा ते नाव मला दिसलंच नाही, मला दिसली भेग. वरून खाली गेलेली, आधी रुंद मग निमुळती, आणि भेगेच्या कडेला ती चकचकीत घासलेली बाजू. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, मग फाटते, वरची ढेकळं त्या भेगांत पडतात, पुन्हा पाऊस येतो, पुन्हा फुगते, आणि खालचे थर एकमेकांवर घासून असे गुळगुळीत होतात. म्हणून आमच्याकडे म्हणतात की काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. एप्रिल-मे महिन्यात आमच्या वावरात अशा भेगा पडतात की लहानपणी माझा अख्खा हात कोपरापर्यंत आत जायचा, आणि आजी ओरडायची की विंचू असते त्यात. आत हात घातला की गार लागायचं. वर पाय भाजत असायचे आणि आत गार.

काचेवर हात ठेवून मी बराच वेळ उभी होते. माझ्या शेजारी इथिओपियाची एक मैत्रीण होती, ती म्हणाली, आमच्याकडेही हीच आहे, पावसात बूट सोडत नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही नाही सोडत. मग आम्ही दोघी तिथंच हसायला लागलो आणि त्या दिवसापासून ती माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. चिखलाला तिच्या भाषेत काय म्हणतात ते तिनं मला शिकवलं, मी तिला गारा शिकवला.

आणि ऑक्टोबरमध्ये शोकलँडला गेलो. ही सहल झाली नसती तर मी कदाचित हा लेख लिहिला नसता.

शोकलँड हे एक बेट होतं. दक्षिण समुद्र म्हणून समुद्राचा एक मोठा हात देशाच्या मधोमध आत घुसलेला होता, त्यातलं चिंचोळं बेट, मासेमारांची वस्ती. समुद्र दरवर्षी थोडं थोडं बेट खात गेला. शेवटी 1859 मध्ये राजाच्या हुकमानं सहाशेच्या वर माणसांनी आपली घरं मोडली आणि बेट सोडलं. पुढं 1932 मध्ये त्या समुद्राच्या तोंडावर 32 किलोमीटर लांबीचा बांध घातला, योजना कॉर्नेलिस लेली नावाच्या इंजिनियरची, आणि आतल्या बाजूला राइनचाच एक फाटा येऊन मिळत होता, त्याच्या पाण्यानं काही वर्षांत तो खारा समुद्र गोड्या पाण्याचं सरोवर झाला. मग त्या सरोवराचे तुकडे बांधून घेऊन उपसले आणि 1942 मध्ये शोकलँडच्या भोवतालचं पाणीच गेलं. आता ते बेट शेतांच्या मध्ये आहे. चहूकडे बटाटे, कांदे, साखरेचं बीट, रस्त्याच्या कडेला बीटाचे घराएवढे ढीग, आणि मधोमध एक लांबट उंचवटा, त्याच्यावर जुनं चर्च. बंदर आहे पण त्यात पाणी नाही, गवत आहे.

मी त्या बंदराच्या कडेला उभी होते. एक जुनं गाव पाण्यानं उठवलं आणि मग पाणीच उठून गेलं. आमच्याकडची कितीतरी माणसं गाव सोडून पुण्याला कंपनीत गेली, ती कोणत्या राजाच्या हुकमानं गेली नाहीत. वावर काळं सोनं असून ओलित नाही, बोअरचं पाणी पिकाला दिलं तर जमीनच खराब होते, एक कापूस नाहीतर तूर, सगळं वरच्या पाण्यावर. त्यांची कुलूप लावलेली घरं माझ्या डोळ्यांपुढं आली.

तिथंच, वाऱ्यात उभं राहून, आमच्या प्रोफेसरनी 1953 च्या पुराचं सांगितलं. 31 जानेवारीच्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला, 1836 माणसं गेली, आणि पाणी ओसरल्यावर जमीन खारी होऊन बसली होती. मग काय केलं? जिप्सम टाकलं. मी एकदम मान वर केली. जिप्सम! आमच्या घरी गोठ्यामागं पोती पडलेली असायची, बाबा मृगाच्या आधी वावरात फेकायचे, आणि मी लहानपणी समजायचे की हे फक्त आमच्याच गावचं दुखणं आणि आमच्याच गावचं औषध. आतली गोष्ट साधी आहे, खाऱ्या पाण्यातला सोडियम चिकणमातीच्या कणाकणाला चिकटतो, कण एकमेकांपासून सुटतात, जमिनीची भोकं बुजतात आणि पाणी खाली मुरतच नाही, वर साचतं, जमीन चिबडते. जिप्सममध्ये कॅल्शियम असतं, ते सोडियमला ढकलून त्याची जागा घेतं, कण पुन्हा एकमेकांना धरतात. पण ढकललेला सोडियम धुऊन खाली न्यायला गोडं पाणी पाहिजे, आणि ते पाणी वाहून जायला वाट पाहिजे. या लोकांपाशी दोन्ही होतं.

मी हात वर करून विचारलं, ज्याच्यापाशी धुवायला गोडं पाणीच नाही त्यानं काय करायचं? प्रोफेसर लगेच बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, तू कुठली? मी सांगितलं, आणि परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि तासभर मी त्यांना पूर्णेचं खोरं समजावत होते, वहीवर नकाशा काढून, सातपुडा इकडे, नदी अशी, इथं आमचं गाव. त्यांनी मला उपाय नाही सांगितला. ते प्रश्न विचारत गेले, शेततळं किती खोल, कडेनं मीठ वर येतं का, हरभऱ्याला पाणी कधी देता. इतकं नीट ऐकून घेणारं माणूस मला याआधी क्वचितच भेटलं.

एक गोष्ट मला इथली फार लागली. पाण्यासाठी यांची वेगळी पंचायत असते. आपल्या ग्रामपंचायतीसारखीच निवडून द्यायची, दर चार वर्षांनी, पण काम फक्त पाण्याचं, बांध, कालवे, पंप, पाण्याची पातळी. देशात अशा 21 आहेत, आणि ही रीत तेराव्या शतकापासूनची, म्हणजे त्यांच्या आजच्या राज्यापेक्षाही जुनी. घराघरातून त्याचा वेगळा कर जातो. आमच्या मजल्यावरच्या मुलाची आजी, तो म्हणे, बाकी कुठल्या मतदानाला गेली नाही तरी या मतदानाला जाते.

मला माहीत आहे, हे वाचून कोणीतरी म्हणेल, पाहा, ते लोक कसे आणि आपले लोक कसे. तसं नका म्हणू. पावसाचा आकडा दोन्हीकडे जवळपास सारखा आहे, इथं वर्षाला 850 मिलिमीटरच्या आसपास, आमच्याकडे सातशे-आठशे. पण इथं तो बारा महिने झिमझिम पडतो आणि आमच्याकडे चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत, बदाबदा. यांच्यापाशी आल्प्सच्या बर्फाची नदी आहे. आमची पूर्णा उन्हाळ्यात डबक्या-डबक्यांत उरते. आणि मेहनतीचं म्हणाल तर गाडगेबाबा आमच्याच मातीतले, पूर्णेच्या काठी ऋणमोचनला यात्रेकरू चिखलातून घसरत नदीवर जायचे म्हणून त्यांनी तिथं घाट बांधून घेतला, स्वतःच्या हातांनी माती-दगड उचलून. पौषातल्या रविवारी आम्ही त्या यात्रेला बैलगाडीनं जायचो. कमी पडते ती मेहनत नाही. पाण्याचं काम एकदा उद्घाटन करून सुटत नाही, ते दर सकाळी उठून पाहावं लागतं, आणि पाहणारा माणूस कोण हे गावाला माहीत असावं लागतं. आमच्या योजनेचा व्हॉल्व्ह कोण फिरवतो हेच आमच्या आईला आजपर्यंत माहीत नाही, ती फक्त नळाखाली गुंड लावते आणि वाट पाहते.

दिवाळी इथं आली आणि गेली. महालक्ष्म्या व्हिडिओ कॉलवर पाहिल्या, आंबील डोळ्यांनीच प्यायली. कापसाची सीतादही झाली त्याचा फोटो भावानं पाठवला, पहिल्या बोंडांचा पांढरा पुंजका आणि त्याच्यावर दही. ज्वारीचं पीठ संपलं. गावच्या तुर्की दुकानात दाळ मिळते पण ती घरची नाही, म्हणून घरच्या दाळीतली दोन वाट्या दाळ मी डब्यात राखून ठेवली आहे, कशासाठी ते माझं मलाही माहीत नाही.

मागच्या शनिवारी नदीच्या बांधावर गेले होते. बांधावर मेंढ्या चरत होत्या, खाली राइन, भरून वाहणारी, काळसर, तिच्यातून लांबच्या लांब बोटी चाललेल्या. बाबांचा कॉल आला. वावरातूनच करत होते, मागं पऱ्हाटी दिसत होती. मी कॅमेरा फिरवून नदी दाखवली. बाबा बराच वेळ पाहत राहिले.

"गोडं हाय?"

"हो."

"आन् जाते कुठी?"

"समुद्रात."

"सगळं?"

"जवळजवळ सगळंच, बाबा."

ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी फोन हलवला, आभाळ, धुरा, बाभळीचं खोड असं सगळं गरगर फिरलं आणि शेततळं दिसलं. हिरवट पाणी, मध्ये तो बांबू. बाबा वाकून, अगदी जवळ नेऊन, मला लाल खुणा दाखवत होते, ऊन पडल्यानं मला नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांनी हातानं सावली धरली.

"चार फूट हाय अजून," ते म्हणाले. "हरभऱ्याले एक पानी होते."